सहा खेपांचा रकाना

केशवने दिवाळीला पुण्याहून कंप्युटर आणला आणि परत जाताना बापाच्या माथी एक काम मारून गेला.

"बाबा, ताराच्या लग्नातली आहेराची वही यात भरून ठेवा. उद्या कुणाकडे कार्य निघालं की नाव शोधायचं, त्यांनी काय दिलं होतं ते पुढ्यात हजर. वही हुडकत बसायला नको."

गिरिधरराव बरं म्हणाले. बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात तीस वर्षं क्लार्की करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. नोंद म्हटली की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. शिवाय काम गरजेचंही होतं. मे महिन्यात लेकीचं, ताराचं लग्न झालं तेव्हा तीनशे बारा आहेर आले होते, आणि आलेला आहेर म्हणजे काही देणगी नव्हे. तो लिहून ठेवायचा आणि त्या घरी कार्य निघालं की थोडा चढता परत करायचा. एक्कावन्न आले असतील तर एकशे एक, एकशे एक आले असतील तर एकशे एक्कावन्न. यात चूक झाली की माणसं तोंडावर काही बोलत नाहीत. पुढच्या कार्याची पत्रिका येत नाही, एवढंच.

रोज दुपारचं जेवण झालं की ते कंप्युटरपुढे बसू लागले. प्रोग्राम घरखर्चाचा होता, इंग्रजी होता, आणि ज्याने कुणी तो केला त्याने आहेर हा शब्द जन्मात ऐकला नसावा. एका नावासाठी सहा चौकटी भराव्या लागत. पहिलीत तारीख, तीही महिना आधी आणि दिवस मागून. सवयीने बारा मे लिहायला जावं तर पाच डिसेंबर होऊन बसायचा. दुसरीत पैसे कोणत्या खात्यात आले ते. तिसरीत कुणाकडून. चौथीत कशाबद्दल; तिथे एक लांबलचक यादी उलगडायची आणि पगार, व्याज, भाडं, विमा असं करत करत एकदाची 'भेट' गाठायची. पाचवीत रक्कम, सहावीत शेरा.

एका चौकटीतून दुसरीत जायचं तर टॅबचं बटण दाबायचं होतं, आणि गिरिधररावांचा घोळ नेमका तिथे व्हायचा. तीस वर्षं टाइपरायटरवर बसलेला माणूस. ओळ संपली की दांडी सरकवायची, हे हातात मुरलेलं. नाव लिहून झालं की हात टॅब सोडून एंटरवर जाई. एंटर म्हणजे प्रोग्रामच्या लेखी नोंद पुरी झाली. मग रक्कम कुठे आहे म्हणून तो टुंग करून ओरडे आणि पडद्यावर पाटी लटकवे.

"परत ओरडला वाटतं," त्यांच्या पत्नी उमाबाई आतून म्हणत.

"त्याचं नाही, माझं चुकलं."

"हापिसात साहेब ओरडायचे, पण पहिल्या तारखेला पगार तरी द्यायचे. हा काय देतो?"

गिरिधरराव हसत आणि पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरू करत. पण हसू लवकरच आटलं. दिवसाला तीन-चार नावं झाली तर डोक्यावरून पाणी. मधेच लाइट जाई आणि शेवटचं नाव राहिलं की गेलं ते परत तपासावं लागे. मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. शंभर नावं झाल्यावर त्यांनी नावं आखूड करायला सुरुवात केली. आधी पूर्ण नाव, मग नुसतं आद्याक्षर आणि गाव. आपण आपल्यासाठीच तर भरतोय, आपल्याला कळलं म्हणजे झालं, असं ते मनाशी म्हणाले. हीच फाइल कुणा कारकुनाने हापिसात अशी भरली असती तर त्यांनी ती परत पाठवली असती.

एकशे सत्त्याऐंशी नंबरला ते अडले.

वही लग्नात रामराव नावाच्या त्यांच्या हापिसातल्या सोबत्याने लिहिली होती. रामरावाचं अक्षर मोत्यासारखं. त्याने लिहिलं होतं: 'मच्छिंद्र, केदारखेडा'. आणि पुढे, जिथे सगळ्यांचे आकडे होते त्या रकान्यात: 'पाणी, सहा खेपा'.

मच्छिंद्र तुरीचं बियाणं न्यायला केंद्रात येऊ लागला त्याला वीस वर्षं झाली असतील. पुढे बियाण्याचं निमित्त राहिलं नाही, तरी येत राहिला. येताना कधी तुरीच्या शेंगा, कधी हुरडा. उमाबाई त्याला 'तुरीवाले भाऊ' म्हणत. त्याचं नाव काय नि गाव कोणतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ताराच्या लग्नाला दोन दिवस राहिले असताना नळ आटले आणि ठरवलेला टँकरवाला आलाच नाही. कुणी निरोप धाडला देव जाणे, पण सकाळी मच्छिंद्र ट्रॅक्टरला टाकी जोडून दारात उभा. बदनापूरजवळ त्याची सासुरवाडी होती. तिथल्या विहिरीवरून त्याने दोन दिवसांत सहा खेपा केल्या. लग्न लागत होतं तेव्हाही तो मांडवात नव्हता, टाकीवर होता. जेवला तो शेवटच्या पंगतीला, भिजल्या कपड्यांनी.

आणि आता हे सगळं पाचव्या चौकटीत मावेना.

गिरिधररावांनी चौकट रिकामी ठेवली. टुंग. शून्य टाकलं. टुंग. 'पाणी' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तर अक्षरं उमटेचनात. ज्यांनी भांडी आणली होती त्यांचं गिरिधररावांनी जमवलं होतं: स्टीलच्या डब्याला साठ, पातेल्याला सव्वाशे, असे भाव लावून. पाण्याचाही भाव लावता आला असता. त्या मे महिन्यात टँकर साडेतीनशेला होता, म्हणजे सहा खेपांचे एकवीसशे. बोट दोनाच्या आकड्यावर गेलंही. पण मग त्यांना मच्छिंद्रचे ओले कपडे आठवले, आणि आपण याच्या नावाने बिल फाडतोय असं वाटून त्यांनी बोट मागे घेतलं.

रविवारी केशवचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं.

"बाबा, त्याला रक्कम लागतेच. त्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही तो," केशव म्हणाला. "एक टाका आणि शेऱ्यात लिहा पाणी म्हणून."

"एक?"

"एक रुपया. नावाला. तुम्हाला ठाऊकच आहे ना काय ते."

"ठाऊक आहे."

"मग झालं तर. किती नावं राहिली अजून?"

"सव्वाशे."

"बाप रे. चालू द्या, चालू द्या."

गिरिधररावांनी एक टाकला. प्रोग्राम ओरडला नाही. शेऱ्याच्या चौकटीत त्यांनी सावकाश लिहिलं: पाणी, सहा खेपा. मनाला बरं वाटलं नाही, पण पाठ इतकी दुखत होती की बरं वाटायची वाट पाहत बसायची ताकदही नव्हती. ते एकशे अठ्ठ्याऐंशीवर गेले.

माघ संपता संपता वही भरून झाली. जालन्याला एका दुकानातून त्यांनी यादी छापून आणली. नंबर, नाव, रक्कम. शेऱ्याचा रकाना छापील यादीत येत नव्हता. दुकानातल्या पोराने दोन-चार बटणं दाबून पाहिली आणि मान हलवली. मागे रांग होती. गिरिधररावांनी कागद गुंडाळले आणि स्टेशनची वाट धरली.

वैशाखात लगीनसराई उसळली. पंधरा दिवसांत तेवीस पत्रिका. गिरिधररावांनी हापिसातल्यासारखी पद्धत लावली: ज्यांच्या घरी कार्य त्यांच्या नावावर यादीत खूण करायची, उमाबाईंनी यादी पाहून पाकिटं भरायची, चिकटवायची आणि मागे पेन्सिलीने नंबर घालायचा. ज्या दुपारी पाकिटं भरली त्या दुपारी गिरिधरराव उन्हातून आले होते आणि डोळ्यांवर ओला रुमाल टाकून आडवे पडले होते.

"अहो, एकशे सत्त्याऐंशी. एम., केदारखेडा," उमाबाई चष्मा वर-खाली करत म्हणाल्या. "एक रुपया लिहिलाय. एक रुपया कोण देतं हो?"

"हं?"

"बरोबर आहे ना हे?"

"यादी मीच भरली आहे ना?" रुमालाखालून ते म्हणाले. "चार महिने मान मोडली त्याच्यापायी. यादीप्रमाणे कर आणि मला पडू दे."

उमाबाईंनी थोडा विचार केला. एकाला दोन देणं काही बरं दिसत नाही. त्यांनी दहाची नोट घेतली, वर एक रुपया ठेवला आणि पाकीट चिकटवलं.

केदारखेड्याच्या लग्नादिवशी जवळच्या नात्यातलंही एक लग्न होतं. उमाबाई तिकडे गेल्या. गिरिधरराव एकटेच निघाले. जालन्याला उतरून भोकरदनच्या एस.टी.त बसले. खिडकीतून ऊन अंगावर येत होतं. वरच्या खिशातलं पाकीट घामाने भिजू नये म्हणून त्यांनी ते पिशवीत ठेवलं. ठेवताना मनात आलं, उमाने किती घातले असतील? पाचशे एक तरी असतील. मच्छिंद्रचं काय, तिला सांगायला थोडंच लागतं. एवढं मनात आलं आणि त्यांना डुलकी लागली.

मच्छिंद्रने मांडवाच्या तोंडाशीच त्यांना मिठी मारली.

"भाऊसाहेब! आले का! मी म्हनत व्हतो, उन्हाचं येत्येत का न्हाई. वहिनी कुठं?"

"नात्यातलं लग्न निघालं, तिकडे गेली. रागावू नका."

"राग कशाचा? जेवल्याबिगर जायचं न्हाई बरं का. बिलकुल न्हाई." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तो पळाला. मुलीच्या बापाला लग्नात उभं राहायला वेळ कुठला!

लग्न लागलं. पहिल्या पंगती बसल्या आणि मांडवाच्या एका अंगाला टेबलावर आहेर सुरू झाला. इकडे अशी रीत होती की आलेला आहेर माईकवरून पुकारायचा. एक म्हातारबा वही लिहीत होते आणि मच्छिंद्रचा धाकटा भाऊ भुजंग माईक धरून बसला होता. पाकीट फाडायचं, नाव घ्यायचं, आकडा सांगायचा. भुजंग मोठा बोलका गडी. आकड्याला चार शब्द जोडून सांगे.

"राजूरचे रामकिसन मामा, एकशे एक रुपये! मामा, मामीनं येवढेच दिले का खिशात ठिवलं काही? शहागडचे पाव्हणे, दोनशे एक रुपये!"

मांडव हसत होता. गिरिधररावांनी पाकीट दिलं. भुजंगने वरचं नाव वाचलं आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"ऐका, ऐका. बदनापूरचे गिरिधर भाऊसाहेब. आमच्या दादाचे वीस वर्साचे दोस्त. उन्हातान्हाचे खास आल्येत आपल्या लेकीसाठी." पाकीट फाडत तो पुढे म्हणाला, "त्यांच्याकडून आहेर, अकरा रु..."

शब्द अर्धवट तुटला, पण आकडा बाहेर पडून गेला होता. दोन भोंग्यांतून तो मांडवभर गेला, बाहेर आचाऱ्यापर्यंत गेला. भुजंगने पाकिटात पुन्हा बोट घालून पाहिलं. पाकीट रिकामं होतं. वहीवरच्या म्हातारबांनी ऐकलं तसं लिहून टाकलं होतं.

पंगतीत एक बाई दुसरीला म्हणाली, ते माईक चालू असल्यासारखं साऱ्यांना ऐकू आलं: "सहा खेपा पानी नेलं म्हने ह्यांच्यात."

गिरिधररावांना क्षणभर काहीच उमगलं नाही. मग नंबर आठवला, मग यादी, मग डोळ्यांवरचा ओला रुमाल. कानशिलं तापली. ते टेबलापासून बाजूला झाले तसा भुजंग माईक खाली ठेवून मागे आला.

"भाऊसाहेब, काही चुकलं का आमचं?" आवाज गोड होता, नजर नव्हती. "न्हाई, आम्हीच म्हनलं, भाव उतरला आसंल पान्याचा."

"भुजंगराव, पाकिटात घोटाळा झाला. मी..."

"व्हतंय, व्हतंय. बदनापुरात महागाई लई वाढली म्हनत्यात."

गिरिधररावांना मच्छिंद्र दिसला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला तो वराच्या मामाशी बोलत उभा होता. त्याने ऐकलं होतं. पाठ जरा जास्तच ताठ होती, आणि एकदाही वळत नव्हती. त्याच्याऐवजी त्याची बायको नंदाबाई आली. हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. ते तिने खाली ठेवलं नाही.

"वहिनी," गिरिधरराव म्हणाले. खिशातलं पैशांचं पाकीट काढून त्यांनी पाचशेची एक नोट ओढली, मागोमाग दुसरी. "हे घ्या. हे द्यायचं होतं, ते राहिलं."

नंदाबाई मागे सरकली. "ठिवा भाऊजी ते. आता घेतलं तर पान्याचे पैशे घेतल्यावानी व्हईल. त्यांनी पानी इकलं न्हाई तुम्हाला."

नोटा हातातच राहिल्या. गिरिधररावांनी मग सांगायला सुरुवात केली. कंप्युटर, चौकट, शून्य घेत नाही, केशव म्हणाला एक टाका, शेरा छापील यादीत येत नाही. सांगता सांगता त्यांनाच ते ऐकवेना. खरं होतं सगळं, पण एकेक वाक्य तोंडातून बाहेर पडलं की पळवाटेसारखं वाटत होतं.

नंदाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या यंत्राला पानी कळंना, ठीक हाये. त्याला तहान कुठं लागती? पर एकाचा आकडा लिवतानी तुम्हाला तर कळत व्हतं ना?"

"कळत होतं."

"मंग?"

"थकलो होतो, वहिनी."

दमणं तिला समजत असावं. सकाळपासून तीही उभीच होती. पण समजलं म्हणून पुसलं गेलं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसेना. "जेवून जा," एवढं म्हणून ती बायकांत गेली.

गिरिधरराव खांबाला टेकून उभे राहिले. पाचची एस.टी. होती. गुपचूप निघून जावं, नंतर पत्र लिहावं, असं मनात आलं. पत्र त्यांना चांगलं लिहिता येत असे. पण पत्र एकटा मच्छिंद्र वाचेल. अकरा रुपये चारशे माणसांनी ऐकले होते, आणि त्या चारशेंत मुलीची नवी सोयरी मंडळी होती. उद्या ती म्हणतील, तुमचे दोस्त असले. ऐकलं भोंग्यातून होतं. फेडायचंही तिथूनच होतं.

त्यांनी आयुष्यात माईकवर तोंड उघडलं नव्हतं. निरोप समारंभातही 'सर्वांचे आभार' म्हणून ते खाली बसले होते.

"भुजंगराव, दोन मिनिटं द्या," ते टेबलापाशी जाऊन म्हणाले.

"आता काय आनखी? झालं गेलं."

"दोनच मिनिटं."

भुजंगने इकडेतिकडे पाहिलं. नको म्हणावं तर पाहुण्याचा अपमान. त्याने माईक दिला. गिरिधररावांनी तो तोंडाच्या इतका जवळ धरला की पहिला शब्द भोंग्यात नुसताच फुटला.

"मी गिरिधर. बदनापूर. आत्ता माझ्या नावाने अकरा रुपये पुकारले. ते बरोबर पुकारले, पाकिटात तेवढेच होते. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नात पाणी नव्हतं. मच्छिंद्ररावांनी सहा खेपा पाणी आणलं. ते स्वतः लग्न बघू शकले नाहीत. माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे. ती वही कंप्युटरमध्ये भरताना त्याला आकडाच पाहिजे होता, तेव्हा मी तिथे एक रुपया टाकला. यंत्राने टाकला नाही, मी टाकला. कंटाळा आला होता मला. नंतर घरच्यांनी विचारलं, हे बरोबर आहे का, तेव्हाही मी उठून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं." त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "मच्छिंद्ररावांचं कमी काहीच नाही. कमी माझ्याकडून झालं. एवढंच."

मांडव काही स्तब्ध वगैरे झाला नाही. निम्मी माणसं जेवत होती, पोरं किंचाळत होती, आचारी कुणालातरी जल्दी जल्दी म्हणून ओरडत होता. पुढच्या दोन पंगतींनी मात्र हात थांबवून ऐकलं. वराचा मामा मच्छिंद्रला काहीतरी विचारत होता आणि मच्छिंद्र मान खाली घालून धोतराच्या सोग्याने तोंड पुसत होता. भुजंगने माईक परत घेतला, घसा खाकरला आणि काही न जोडता पुढचं पाकीट वाचलं.

गिरिधरराव जाऊन पंगतीच्या शेवटी बसले. भूक नव्हती. वाढप्याने वरणभात वाढला, तो त्यांनी कालवला आणि तसाच ठेवला. भोंग्यातून आकडे येत राहिले: एक्कावन्न, एकवीस, एकशे एक.

पुढ्यात बादली आदळली. त्यांनी वर पाहिलं. बादलीत बुंदी होती आणि बादली मच्छिंद्रच्या हातात होती. मुलीचा बाप वाढायला आलेला पाहून शेजारचे लोक सावरून बसले.

"काय केलं भाऊसाहेब हे!" तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि रागही धड नव्हता. होता तो नुसता शीण. "तिकडं नवरदेवाचा मामा इचारून राह्यला, टाकी किती लिटरची हाये म्हनून. पुढच्या हप्त्यात त्यांच्यात लगीन. आनखी दोघं जन येऊन गेले. आता समदी लगीनसराई पानी वाहतच जायची माझी."

"मच्छिंद्रराव, मी..."

"आयका आता. लागलं मला. खोटं कशाला बोलू? अकरा ऐकलं आन लागलं." त्याने पळीभर बुंदी पानावर टाकली. "मंग तुम्ही माईकवर गेले. मी म्हनलं, आता हे आनखी काय बोलत्यात. कंटाळा आला म्हने! आसं कुनी चारचौघांत सांगतं का, भाऊसाहेब?"

"खरं तेच होतं."

"खरं व्हतं, म्हनूनच." दुसरी पळी भरून तो थांबला. पळीतून बुंदी गळत होती. "वाढू का?"

नको म्हणायचं त्राण गिरिधररावांत उरलं नव्हतं, आणि म्हणायचंही नव्हतं. त्यांनी पान पुढे सरकवलं.